टॉपक्लिफ वीस मिनिटांवर

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने, निखिलने, लीड्सहून व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. डोंगरमाथ्यावरचं ओलं गवत, त्यात पडलेला गंजका लोखंडी सांगाडा, शेजारी रचलेले दगड आणि एक लाकडी क्रूस. खाली एकच ओळ: "मामा, हे तुझं खातं."

चौतीस वर्षं भोसरीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या शॉपमध्ये काढली की विमानाचा पाय ओळखायला चष्मा लागत नाही. पण तो डोंगरावर करतोय काय? एवढंच बघायला म्हणून शोधाशोध सुरू केली आणि मग ते प्रकरण डोक्यातून जाईना.

हकीकत अशी. २२ ऑक्टोबर १९४४, रविवार. यॉर्कशरमधल्या टॉपक्लिफ विमानतळावरून एलएल ५०५ क्रमांकाचं हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान रात्रीच्या दिशादर्शन सरावाला निघालं. आत आठजण. सात कॅनडाचे, एक स्कॉटलंडचा. त्या रात्री कुठे बॉम्ब टाकायचे नव्हते. अंधारात ठरलेली फेरी मारायची आणि परत यायचं, एवढाच अभ्यास. उत्तर इंग्लंडवर ढग आणि धुकं दाटलं आणि विमान वाट चुकलं. त्यांना घरी आणायला रात्रीच्या वाटा शोधणारी यंत्रं असलेलं एक मॉस्किटो विमान पाठवलं गेलं. ते गाठ घेण्याआधीच, जमीन दिसेल तर ठावठिकाणा कळेल म्हणून हॅलिफॅक्स खाली उतरलं आणि लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रेट कार्स या डोंगराच्या माथ्याजवळ आदळलं. आठही जण गेले.

गेल्या सप्टेंबरात बहिणीबरोबर तिच्या लेकाकडे जायचा योग आला. व्हिसा, विमान, हीथ्रोची रांग हे सगळं गाळतो, ते सगळ्यांचं सारखंच असतं. बहीण नातीत रमली. मी आणि निखिल पाच दिवस गाडी घेऊन सुटलो.

पहिला दिवस: एल्व्हिंग्टन

आधी अख्खं हॅलिफॅक्स बघायचं ठरवलं होतं, मग तुटलेलं. यॉर्कच्या बाहेर एल्व्हिंग्टनला युद्धकाळातल्या विमानतळावरच यॉर्कशर एअर म्युझियम आहे. युद्धाच्या शेवटच्या काळात इथे फ्रेंच वैमानिकांची दोन हॅलिफॅक्स स्क्वाड्रन होती, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात फ्रेंच झेंडे दिसतात.

हँगरमध्ये शिरलो आणि पहिली प्रतिक्रिया अशी की हे उडायचं कसं! पंखांचा पसारा तीस मीटर. आमच्या शॉपची एक अख्खी बे. पण हे विमान म्हणजे खरं तर जुळवाजुळव आहे. युद्धानंतर हॅलिफॅक्सं मोडीत काढली गेली, धड एकही शिल्लक ठेवलं नाही. मग स्कॉटलंडच्या लुईस बेटावर धडाचा एक तुकडा सापडला, त्यात कुणीतरी कोंबड्या पाळल्या होत्या. पंख हेस्टिंग्ज नावाच्या दुसऱ्या विमानाचे. बाकीचं वर्षानुवर्षं हाताने घडवलेलं. निखिल म्हणाला, "म्हणजे हे खुराड्यामुळे वाचलं." अगदी खरंय.

नाकावर नाव रंगवलंय, 'फ्रायडे द थर्टीन्थ'. त्या नावाचं मूळ विमान वेगळं होतं. अपशकुनालाच वाकुल्या दाखवायच्या म्हणून मुद्दाम ठेवलेलं नाव, आणि ते पठ्ठ्या १२८ मोहिमा करून परत आलं. जर्मनीवर १२८ वेळा जाऊन परत येणारं एक, आणि रविवारी संध्याकाळी घरच्याघरी सरावाला जाऊन न परतणारं दुसरं. याचा हिशेब मी पुढे पाच दिवस मांडत होतो, तो काही लागला नाही.

तिथे एक स्वयंसेवक आजोबा भेटले, निवृत्त फिटर. त्यांचं यॉर्कशरी इंग्रजी आणि माझं भोसरीचं, दोन्हींना एकमेकांची सवय व्हायला दहा मिनिटं गेली. मी एलएल ५०५ म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "मार्क फाइव्ह?" आणि मला चाकापाशी घेऊन गेले. ते जे सांगत होते ते असं: मार्क टू आणि मार्क फाइव्ह या हॅलिफॅक्सच्याच दोन आवृत्त्या, जवळजवळ एकच विमानं, मर्लिन इंजिनंही तीच. फरक मुख्यतः पायांत. मार्क टूला मेसिए कंपनीचं लँडिंग गिअर, मार्क फाइव्हला डाउटीचं. मी वाकून पाय बघितला, मग दोघांनी मिळून सील, रॉड आणि गळती यावर अर्धा तास काढला. भाषा अडली तिथे हात वापरले. निघताना त्यांनी माझा हात हातात घेऊन नीट उलटसुलट पाहिला. तेलाचे डाग निवृत्तीनंतरही जात नाहीत हे दोन्हीकडे सारखंच.

एक गोष्ट मात्र त्यांनी न विचारता दाखवली. हॅलिफॅक्समध्ये पायलट वर बसतो. त्याच्या पुढे, खालच्या बाजूला, नाकात, नॅव्हिगेटर. टेबल, नकाशा, पेन्सिल, दिव्याचा लहानसा उजेड. किती वेगाने, कोणत्या दिशेला, किती मिनिटं उडालो आणि वारा किती, यावरून आत्ता आपण कुठे असू हे तो मांडत जातो. वाऱ्याचा अंदाज चुकला की पेन्सिलीचा ठिपका एकीकडे आणि विमान दुसरीकडे. आणि त्या काळचं उंचीमापक हवेच्या दाबावर चालायचं. समुद्रापासूनची उंची सांगायचं, पोटाखाली डोंगर आलाय का ते नाही.

(जाणार असाल तर अख्खा दिवस ठेवा. कँटीनला अजूनही जुनं सैनिकी नाव 'नाफी' आहे. बटाटा भाजून त्यावर बीन्स आणि चीज, शाकाहारी माणसाची भूक भागते. हँगरमध्ये गारठा असतो, स्वेटर गाडीत ठेवून जाऊ नका.)

दुसरा दिवस: टॉपक्लिफ ते कॉनिस्टन

टॉपक्लिफला बघण्यासारखं काही नाही, हे निखिलने तीनदा सांगितलं होतं. बरोबर होतं. विमानतळ आजही सैन्याच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही. कुंपणापलीकडे सपाट गवत, दूर एक हँगर, वर भलंमोठं आभाळ. आम्ही रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं थांबलो. फाटकाचे फोटो काढू नका, उगाच चौकशी होते.

पण त्या सपाट गवताकडे बघताना मला शाळा आठवली. टॉपक्लिफला तेव्हा १६५९ क्रमांकाचं हेवी कन्व्हर्जन युनिट होतं, म्हणजे शेवटची इयत्ता. पोरं आधी दोन इंजिनांच्या विमानांवर शिकून आलेली असत. इथे चार इंजिनांचं धूड हातात यायचं, जुन्या टोळीत फ्लाइट इंजिनियर आणि आणखी एक गनर मिसळायचा, आणि हे पार पडलं की थेट लढाऊ स्क्वाड्रन. या युनिटांना मिळणारी विमानं पुष्कळदा मोहिमांवर वापरून थकलेली असत. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, म्हणजे बॉम्बर कमांडचे, युद्धात ५५,५७३ जण मेले. त्यातले सुमारे आठ हजार सरावात आणि मोहिमेबाहेरच्या अपघातांत. शत्रूचं तोंडही न बघता आठ हजार. कॅनडाच्या पुष्कळ पोरांनी पहिले धडे तिकडच्या प्रेअरीत, मैलोन्मैल सपाट रानावर गिरवले होते. आणि इथे आल्यावर ढगाखाली डोंगर.

टॉपक्लिफहून ग्रेट कार्स सरळ रेषेत साधारण ११५ किलोमीटर पश्चिमेला. हॅलिफॅक्सला वीस मिनिटं. आम्हाला लेबर्न, हॉज, सेडबर्ग, केंडल असं करत, मध्ये खाणंपिणं धरून साडेचार तास लागले. रस्ता मात्र फार सुंदर. दगडी गडग्यांच्या रेषा डोंगरावर थेट वरपर्यंत चढत जातात. आपल्याकडे कोकणात गडगे असतात तसेच, फक्त यांना संपायचं कुठे ते कळत नाही.

हॉज हे वेन्सलीडेल चीजचं गाव. इथे फळांच्या केकबरोबर चीजचा तुकडा खातात. मी ऐकून नाक मुरडलं, मग खाल्लं, मग दुसरा मागितला. आंबट, भुसभुशीत चीज आणि मनुकांचा गोड केक. गूळ-शेंगदाणे ज्याला कळतात त्याला हेही कळेल. केंडलला मिंट केक घेतला. नावात केक असलं तरी ती पेपरमिंट घातलेली साखरेची वडी असते. गिर्यारोहक खिशात ठेवतात. चव थेट जत्रेतल्या पेपरमिंटच्या गोळीची.

कॉनिस्टनला, म्हणजे ग्रेट कार्सजवळच्या गावाला, पोचलो तेव्हा डोंगर नव्हतेच. गावाच्या मागे पांढरा पडदा. गेस्ट हाउसच्या बाईंना विचारलं, उद्या पाऊस आहे का? त्या म्हणाल्या, "पाऊस नाही हो, ढग फक्त खाली उतरलेत." त्यांचं हे वाक्य पुढचे दोन दिवस आमच्या तोंडी होतं.

खिडकीतून बसथांबा दिसायचा. विंडरमिअरहून ॲम्बलसाइड, हॉक्सहेडमार्गे इथे येणाऱ्या बसच्या कपाळावर आकडा होता ५०५. निखिलला हाक मारून दाखवला. योगायोगच, दुसरं काय. पण दर वेळी ती बस वळून थांब्यावर आली की माझं लक्ष जायचंच. (गाडी नसेल तर हीच बस. विंडरमिअरपर्यंत रेल्वे येते. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, आधी बघून ठेवा.)

तिसरा दिवस: पावसात कॉनिस्टन

चढाई रद्द. पाऊस नाही, ढग फक्त खाली उतरलेत आणि ते भिजवतात.

छत्री घेऊन रस्किन म्युझियमला गेलो. छोटंसं, गावाचं स्वतःचं म्युझियम, १९०१ पासूनचं. गर्दी सगळी ब्लूबर्डभोवती. डोनाल्ड कॅम्पबेल पाण्यावरचा वेगाचा विक्रम मोडायला निघाला आणि ४ जानेवारी १९६७ रोजी याच कॉनिस्टन तलावात त्याची ती निळी बोट उलटून तो गेला. बोट तळातून काढून दुरुस्त केली आणि २०२४ मध्ये ती गावात परत आली. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते.

एलएल ५०५ चं मर्लिन इंजिनही याच म्युझियममध्ये आहे. त्याच्यापाशी मी एकटाच होतो. मर्लिन म्हणजे बारा सिलिंडरचं, आमच्या पिढीतल्या यंत्रवेड्या माणसांनी पुस्तकात बघून वहीत उतरवलेलं इंजिन. पण या रूपात कधी बघितलं नव्हतं. ॲल्युमिनियम चुन्यासारखं पांढरं पडलंय. मला लाज वाटली ती याची, की पहिली दोन मिनिटं मी यंत्रच बघत होतो. व्हाल्व्ह कुठे, पंप कुठे. मग भान आलं.

दुपारी चर्चच्या आवारात इंग्रज लेखक जॉन रस्किनची कबर बघितली. हिरवट दगडाचा उंच क्रूस, अंगभर कोरीवकाम. याच माणसाचं पुस्तक गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात एका रात्रीत वाचलं आणि त्यातून पुढे 'सर्वोदय' हा शब्द आला, जो विनोबांनी आपल्या घराघरात नेला. म्हटलं, आलोच आहोत तर नमस्कार करावा. निखिलला हे ठाऊक नव्हतं. त्याने फोनवर शोधून खात्री केली. आजकाल मामाच्या शब्दावर भागत नाही.

रात्री पबमध्ये माझ्यासाठी मशरूम पाय, निखिलसाठी कंबरलँड सॉसेज. ते जिलबीसारखं वेटोळं घालून वाढतात. शेजारच्या टेबलावर स्थानिक जोडपं आणि त्यांचा ओला कुत्रा. ग्रेट कार्स म्हटल्यावर त्या बाई म्हणाल्या, "त्या पोरांकडे?" इकडच्या लोकांच्या तोंडी विमान नाही, पोरं आहेत. मग नवरा-बायकोत वाद लागला की रायनोज खिंडीतून जावं की इथून. मला दोन्ही ऐकून झाल्यावर कळलं ते सांगतो. रायनोज खिंडीत ३९३ मीटरपर्यंत गाडी जाते, तिथून वेट साइड एज या धारेने चढण निम्मी. पण तो रस्ता इतका अरुंद आणि उभा की समोरून गाडी आली तर एकाला मागे जावं लागतं, आणि वर गाड्या लावायला जागा मोजकीच. कॉनिस्टनहून गेलं तर चढ आठशे मीटरच्या आसपास, जाऊन-येऊन सहा-सात तास, पण वाट सुरेख. आम्ही कॉनिस्टनहून गेलो.

चौथा दिवस: ग्रेट कार्स

सकाळी साडेसातला पडदा उघडला तर डोंगर होते! तीन दिवसांत पहिल्यांदा. मुक्ताने, म्हणजे निखिलच्या बायकोने, दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सॅकमध्ये टाकली आणि निघालो.

चर्च बेक नावाच्या ओढ्याकाठाने वर गेलं की कॉपरमाइन्स व्हॅली. जुन्या तांब्याच्या खाणींचे ढिगारे, पडकी घरं. खाणींची तोंडं उघडी आहेत, आत डोकावायचा मोह टाळा. तिथून लेव्हर्स वॉटर हे काळंभोर तळं. काठावर हर्डविक मेंढ्या. तोंड पांढरं, अंग राखाडी, चेहऱ्यावर कायम सौम्य समजूतदारपणा. तळ्याला वळसा घालून स्वर्ल हॉज ही खिंड, आणि तिथून प्रिझन बँड नावाची दगडाळ धार. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. सह्याद्रीत ज्याने कातळटप्पे केलेत त्याला हे जिन्यासारखं आहे. फक्त दगड ओला असतो, आणि इथला ओला दगड आपल्या ओल्या दगडापेक्षा जास्त निसरडा आहे असं माझं प्रामाणिक मत झालं.

स्वर्ल हाउचा माथा, ८०४ मीटर. पोचलो आणि ढग आला. पश्चिमेकडून, समुद्राकडून, दार लोटावं तसा. दोन मिनिटांत निखिल दहा पावलांवर उभा होता तो पुसट झाला.

ग्रेट कार्स इथून जेमतेम पंधरा मिनिटं. ब्रॉड स्लॅक नावाची खोल घळ उजव्या हाताला ठेवून कडेकडेने जायचं. आम्ही घळीपासून लांब राहावं म्हणून डावीकडे सरकत गेलो. गवत मऊ, वाट दिसेना, पायाखाली उतार लागला. निखिलच्या फोनचा पडदा पाण्याने भिजलेला, बोट टेकवलं की नकाशा भलतीकडेच पळायचा. बॅटरी थंडीने उतरलेली. पंचवीस मिनिटं झाली तरी क्रूस नाही, चाक नाही. आम्ही ग्रे फ्रायर या दुसऱ्याच डोंगराच्या दिशेने उतरत होतो, पण ते कळलं नंतर.

तेवढ्यात निखिल म्हणाला, "मामा, असंच अजून थोडं खाली उतरू. ढगाच्या खाली गेलो की दिसेल ना कुठे आहोत ते."

मी थांबलोच. तोही दोन पावलं जाऊन थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे काही बोलला नाही.

१९८३ च्या पावसाळ्यात रतनगडावर आम्ही पाच पोरं अशीच अडकलो होतो. बरोबरचे ठाकर मामा कातळाला पाठ लावून बसले आणि म्हणाले, "ढग हाय तवर बूड हलवायचं न्हाय." दोन तास बसवून ठेवलं होतं. ढग विरला तेव्हा आमच्यापुढे पंधरा फुटांवर कडा होता. तेव्हापासून माझा नियम तोच. निखिलला म्हटलं, बस. सॅक खाली, दशमी बाहेर.

गवतावर बसून आम्ही दशमी-चटणी खाल्ली. वारा सारखा एका लयीत वाहत होता. बसल्या बसल्या जे डोक्यात आलं ते असं, की ठाकर मामांचा हा नियम त्या आठ जणांना कुणी सांगून उपयोग नव्हता. विमानाला बसता येत नाही. ते ताशी साडेतीनशे किलोमीटरने पुढे जातच राहतं, पेट्रोल जळत राहतं, आणि नॅव्हिगेटरच्या टेबलावर पेन्सिल टेकवायला जागा हवी असते. एक रस्ता, एक तळं, एक रेल्वेमार्ग दिसला असता तर काम झालं असतं. त्यासाठी खाली. पुढे जे आहे ते माहीत नसलेल्या माणसाला मूर्ख म्हणणं फार सोपं असतं. आम्ही तर नकाशा खिशात घेऊन, दिवसाढवळ्या, तेच करायला निघालो होतो.

वीस-पंचवीस मिनिटांनी ढगाला भोक पडलं. डावीकडे चढ दिसला, ज्याला आम्ही इतका वेळ पाठ दाखवत होतो. कागदी नकाशा काढला, होकायंत्र लावलं आणि परत वर चढलो.

आणि ते होतं. माथ्याच्या ऐन खाली, गवतात. दोन्ही चाकांचे सांगाडे, वाकलेल्या दांड्या, गंज इतका खोल की हाताला लाल पीठ लागतं. मागे दगड रचलेले, त्यात लाकडी क्रूस, आणि पाटीच्या दगडावर कोरलेली आठ नावं. जॉन्स्टन, बेल, व्हिटली, पाइश, फर्ग्युसन, व्हिटिंगस्टॉल, टिट, रिडक. जॉन्स्टन पायलट, २७ वर्षांचा. बाकीचे बहुतेक विशीच्या आगेमागे. नावांचे उच्चार मी चुकत असेन, त्यांनी माफ करावं. दगडांत खोचलेली, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी वाहतात ती कागदी पॉपीची फुलं, कॅनडाचा छोटा झेंडा, पावसाने रंग गेलेला.

अपघातानंतर हवाई दलाला हे अवजड धूड खाली नेणं जमेना. मग बंदुका आणि दारूगोळा काढून घेतला, धड कापलं आणि तुकडे ब्रॉड स्लॅकच्या घळीत लोटून दिले. वरून डोकावलं तर उतारावर अजून पत्र्याचे तुकडे चमकतात. पाय मात्र वरच राहिले. मार्क फाइव्हची ओळख ज्यावरून, तेच. मी पिस्टन रॉडच्या टोकाला हात लावला. एक सवय असते, सिलिंडर उतरवला की रॉडवर अंगठा फिरवून ओरखडा आहे का बघायचा. तसा फिरवला.

(इथलं काहीही उचलू नका. १९८६ च्या कायद्याने इथली लष्करी विमानांची सगळी अपघातस्थळं संरक्षित आहेत. आणि कायदा नसता तरी नका उचलू.)

दोन चालणारे आले, बाप आणि दहा-बारा वर्षांची मुलगी. मुलीने मोठ्याने आठही नावं वाचली, 'व्हिटिंगस्टॉल'ला अडखळली, परत पहिल्यापासून वाचलं. मग बापाला विचारलं, "हे कुठून आले होते?" त्याने पूर्वेकडे हात केला. तिकडे ढग होता.

मी घड्याळ बघितलं. टॉपक्लिफ इथून वीस मिनिटांवर.

उतरताना काही विशेष घडलं नाही, गुडघे तेवढे बोलत होते. गेस्ट हाउसच्या बाईंनी बूट बघितले आणि न विचारता वर्तमानपत्र आणून दिलं, आत कोंबायला. (ही युक्ती आपल्याकडेही चालते, फक्त तासाभराने कागद बदला.) नकाशा कागदाचाच न्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ६ क्रमांकाचा. फोनवर विसंबून जाऊ नका, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो.

पाचवा दिवस: ब्लेकन

परत जाताना वाट वाकडी करून चेस्टरला गेलो. शहराच्या कडेला ब्लेकन म्हणून वस्ती आहे, तिथल्या दफनभूमीत सातही कॅनेडियन आहेत. आठवा, फर्ग्युसन, इथे नाही. स्कॉटिश इंजिनियर, त्याला त्याच्या मुलखात नेलं. बाकीच्यांचा मुलूख समुद्रापार होता.

युद्धकबरींच्या आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कोणत्या भागात कोणती कबर ते मिळतं. निखिल फोन धरून पुढे, मी मागे. पांढऱ्या दगडांच्या रांगा, कापलेलं गवत, पलीकडे घरांच्या खिडक्या आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. पोलिश वैमानिकही पुष्कळ आहेत इथे. एकेका दगडापाशी थांबून मी नाव वाचायचो, निखिल यादीत खूण करायचा. सातही ठिकाणी तारीख एकच, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दगडानंतर मी ती वाचणं सोडलं.

जॉन्स्टनपाशी थोडा जास्त वेळ उभा राहिलो. तिथे एक माळी गवत कापण्याचं यंत्र घेऊन आला, आम्हाला बघून त्याने ते बंद केलं आणि दुसऱ्या रांगेकडे ढकलत घेऊन गेला. सुरू केलं ते पार लांब गेल्यावर.

पावसाचे थेंब यायला लागले. गाडीत बसलो तर मुक्ताचा फोन.

"मामा, कुठे आहात तुम्ही लोक?"

"चेस्टरला."

"किती वेळ लागेल?"

निखिलने फोनमध्ये लीड्स टाकलं. सव्वाशे किलोमीटर, दीड तास, रस्ता मोकळा.

"दीड तास म्हणतोय."

"बरं. येताना कोथिंबीर आणा. आणि निघालात की कळवा."